सरपंच नेमकं कोण?

परवा विट्याच्या स्टँडवर शालन भेटली आणि आम्ही दोघी पुन्हा तिच्या पहिल्या ग्रामसभेवरून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. माझी ही शाळेतली मैत्रीण तेव्हा नुकतीच सरपंच झाली होती, पण खुर्चीत बसायचे तिचे मालक. लोक त्यांनाच सरपंच म्हणायचे आणि हिला वहिनी.

सभेच्या दिवशी सकाळी मी लेकीला घेऊन तिच्याकडे होते. लेक परीक्षेसाठी मोठ्यानं वाचत होती, की कन्फ्यूशियसच्या मते राज्य सुधारायचं तर आधी नावं नीट करावीत. राजा म्हणवणाऱ्यानं राजाचं काम करावं.

मेथी निवडता निवडता शालन थांबली. "परत वाच गं तेवढं."

सभेत एका म्हाताऱ्या तात्यांनी तिच्या मालकांना विचारलं, "आवं सरपंच, आमच्या आळीला पानी कवा?"

शालन उठली. "तात्या, सरपंच मी हाय. मला इचारा."

मालक कसनुसं हसले. "मग मी कोन गं?"

शालन काही बोलायच्या आत तात्याच म्हणाले, "तुमी आमचं दाजी! उठा, आमच्या आक्काला बसू द्या."