वाटा क्रमांक ०७ चा दगड

मी, इंद्रकुमार हिरालाल कटरे, वय ३४ वर्षे, धंदा कंत्राटी संगणक चालक, राहणार मुर्री, जि. गोंदिया, ठाण्यात बोलावल्यावरून हजर राहून विचारल्याप्रमाणे सांगतो की,

मी नऊ वर्षांपासून वनजमिनीच्या दाव्यांची नोंद करणाऱ्या कक्षात काम करतो. कंत्राट दर अकरा महिन्यांनी नवे होते, त्यामुळे मी नऊ वर्षे नवाच आहे.

मंगरू सलामे, वय अंदाजे ६०, हे आमच्याच जिल्ह्यातील प्रतापगडाकडच्या एका जंगलगावचे दावेदार आहेत. त्या गावात दोन वस्त्या आहेत. जुन्या वस्तीच्या वाट्यांच्या दगडांवर आकड्याआधी शून्य रंगवतात, नव्या वस्तीच्या दगडांवर रंगवत नाहीत. भांडण नको म्हणून गावसभेनेच तसे ठरवले आहे. मंगरू यांचा वाटा ०७. त्याच गावचे योगराज उईके यांचा वाटा ७. दोघांत कधी वाद झाल्याचे माझ्या ऐकण्यात नाही.

आमच्या कक्षाला वरून तीन पुस्तिका आल्या आहेत. नोंद कशी साठवावी याच्या पुस्तिकेत वाटा क्रमांक हा मजकूर धरावा असे आहे. साठवलेली माहिती कशी विचारावी याच्या पुस्तिकेत तोच क्रमांक आकडा धरावा असे आहे. उत्तर कसे वाचावे याच्या पुस्तिकेत ‘मागील दोन पुस्तिकांप्रमाणे’ एवढेच आहे. मजकूर धरला तर ०७ आणि ७ वेगळे. आकडा धरला तर एकच. म्हणून साठवताना मंगरू यांची जमीन होती आणि विचारताना नव्हती.

हे मी दोनदा लेखी कळवले. पहिल्या पत्राला उत्तर नाही. दुसऱ्याला उत्तर आले की पुस्तिकांत विरोध असू शकत नाही, कारण तिन्हींवर एकाच साहेबांची सही आहे. आमचे कक्ष अधिकारी म्हणाले, ‘देखो कटरे, अपने को सिस्टम से चलना है.’ सिस्टमने ०७ ही दुबार नोंद ठरवली. दुबार नोंद काढायचे बटण मी दाबले. ते दुसऱ्या कोणी दाबले नाही.

मंगरू यांचा दावा त्यामुळे फेटाळला गेला. अपिलाचा शेवटचा दिवस काल, सोमवार होता. सकाळी साडेअकराच्या सुमारास मंगरू व योगराज हे दोघे एक दगड गोणपाटात धरून कक्षात आले. दगड एस.टी.ने आणला होता व त्याचे लगेज तिकीट त्यांच्याजवळ होते. एस.टी.ने त्या दगडाची नोंद आमच्याआधी घेतली. दगड माझ्या टेबलावर ठेवला. त्यावर पांढऱ्या रंगात ०७ स्पष्ट दिसत होते.

मंगरू मला म्हणाले, ‘बाबू, तुमची मशीन शून्य खाते. हा दगड खाते का, विचारा तिले.’

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. मी म्हणालो, ‘काकाजी, दगड काऊन उपटला? आता वावराची निशाणी कोणती राहिली?’

ते म्हणाले, ‘कागदात नाही, त वावरात ठेवून काय करू?’

मला लाज वाटली. हे जबाबात लिहीत नाहीत असे हवालदार गोवर्धन यांनी सांगितले, तरी लिहावे अशी माझी विनंती आहे.

टेबलाची काच फुटल्याची तक्रार कक्ष अधिकाऱ्यांनी दिली आहे. काच आधीपासून तडकलेली होती. कधीपासून व किती, हे मला आठवत नाही. शिवीगाळ झाली नाही. सरकारी कामात अडथळा आला म्हणतात, पण त्या वेळी लिंक बंद होती, म्हणजे काम सुरू नव्हते. पोलीस येईपर्यंत योगराज हे प्रत्येकाला सांगत होते की माझा वाटा सात, यांचा वेगळा, मले यांची जमीन नाही पाहिजे. त्यांचे म्हणणे कोणत्या रकान्यात घ्यावे हे पुस्तिकेत नाही. मग दोघांना दगडासह ठाण्यात आणले. अपील घेण्याची वेळ पाच वाजेपर्यंत होती. मंगरू ठाण्यातून सव्वासातला सुटले.

मी आज सकाळी अपील घेणाऱ्या साहेबांना विचारले की जागेची पाहणी करून अपील उशिरा घेता येईल काय. ते म्हणाले, येईल, जागेवर दगड असला तर. दगड मुद्देमालात जमा आहे.

वरील जबाब मला मराठीत वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर लिहिला आहे. मुद्देमालाच्या पावतीवर मात्र ‘दगड एक, क्र. ७’ असे छापून आले आहे. शून्य घालायला सांगितले असता, ठाण्याचा संगणक आकड्याआधीचे शून्य घेत नाही असे हवालदारांनी सांगितले. पावतीसाठी आज पुन्हा ठाण्यात आलेल्या मंगरू सलामे यांनी ती पाहिली आणि सही न करता परत दिली.

माझ्या जबाबावर मी सही करत आहे.