फोनचं कुलूप तोडायचं का न्हाई

...आन मी म्हनते, फोन माझा, वायर माझी, रिचार्ज आमचा उदयसिंह मारतोय, मंग त्याच्या आतल्या कुलपाची किल्ली कंपनीकडं कशापायी? आमी म्हस इकली तर दाव्यासकट इकतो. इकणारा काय दाव्याचं टोक धरून घेणाऱ्याच्या दारात बसत न्हाई, 'म्हस तुमची, पर कुठं चारायची त्ये मी सांगनार' म्हनून. फोनचं मातुर तसंच हाय. तुमाला सांगते, महिनाभर माझ्या जिवाला नुसता घोर लागला हुता त्या कुलपाचा.

झालं काय, माझा नातू जयराज हाय मिलट्रीत, पार तिकडं अरुणाचलात. दर ऐतवारी दुपारची जेवनं झाली की त्यो मला फोनवर दिसतोय. दिसतोय म्हंजी निम्मा दिसतोय. कवा नुसती टोपी, कवा नाक, कवा नुसताच डोंगूर आन त्यातनं आवाज, 'आज्जे, दिसतोय का गं?' म्हनते, दिसतोय बाबा दिसतोय, लय गोरा झालायस. मागनं कळतं त्यो ढग हुता. पर ऐतवार गोड जातोय. ह्यो फोन बी त्येनंच पैल्या पगारात आनल्याला, सा वर्सं झाली, काचंवर एक वरखडा न्हाई. आन एक दिवस तिन्हीसांजंला त्या फोनवर कसलीशी पाटी आली. मला काय वाचाया येत न्हाई. सुनंला, संयोगिताला दिला. तिनं वाचलं, आन म्हनते कशी,

"आत्या, ह्या म्हयन्याच्या अखेरीला तुमच्या फोनवर जयराज बंद हुनार."

आता तिन्हीसांजंला, दिवा लावायच्या टायमाला, असं कुनी बोलतं का? माझ्या हातातली काडी खाली पडली. मंग म्हनते, "तसं न्हवं वं, त्यो दिसतोय त्ये ॲप बंद हुनार. तुमचा फोन जुना झाला."

उदयसिंह म्हनला, "आये, नवीन घेऊ."

म्हनलं, का? ह्येला काय झालंय? आवाज येतोय, उजेड पडतोय, घंटी वाजती. तुझा ट्रॅक्टर बावीस वर्सांचा हाय, त्येला कंपनी म्हनली का कवा, की उद्यापासनं नांगरायचं न्हाई, आता ह्यो ट्रॅक्टर नांगर वळखत न्हाई? पोरानं पैल्या पगारात दिल्याली वस्तू, आन ती चांगली धडधाकट असताना मी फडताळात टाकू? तर उदयसिंह म्हनला, "मंग शाहरुखला दाखवू, त्यो काय म्हनतोय बघू."

ह्यो शाहरुख म्हंजी आष्ट्याच्या रसूलभाईचा. स्टँडच्या मागं रसूलभाईचं घड्याळं दुरुस्तीचं दुकान हुतं, तिथं आता ह्यो मोबाईल बघतोय. दोन पोरांचा बाप हाय, डोळ्याला भिंग लावून बसतोय, पर मी त्येला नाक पुसत पळताना बघितल्यालं, तवा मला काय त्येचं दडपान न्हाई. त्येनं फोन उलटा क्येला, सुलटा क्येला, आन म्हनला,

"आजी, फोन झकास हाय. कंपनीनं फकस्त आतलं नवीन द्यायचं बंद केलंय. आपुन असं करू, कंपनीचं कुलूप तोडू, आतलं तिचं समदं काढून टाकू, आन जगातल्या हुशार पोरांनी बनवल्यालं नवीन सॉफ्टवेअर टाकू. फोन पुन्यांदा तरणा. आन त्ये फुकट."

"फुकट? का बनवत्यात पोरं फुकट?"

"आवड म्हनून."

"त्यास्नी आया न्हाईत व्हय कामाला लावायला?"

"हायत की. म्हनून तर खोलीचं दार लावून बनवत्यात."

मला पटलं. पर इच्यारून ठिवावं, म्हनलं, तोडताना इस्कटलं तर? तर त्येनं भिंग कपाळावर सारलं, आन दवाखान्यातला डाक्टर घरच्यास्नी भाईर बोलवून सांगतोय तसा बारीक आवाज काढला, "मंग फोनची वीट हुती, आजी. चालू हुत न्हाई, बंद हुत न्हाई. नुसती हातात." आता आमच्या नदीकाठाला विटांच्या भट्ट्या काय कमी हायत? तिथली वीट निदान गोठ्याला तरी लागती. ही कशाला लागायची? म्हनलं, थांब रं बाबा, मला इच्यार करू दे.

उठले, तर त्यो मागनं म्हनतोय, "आजी, ह्या फोनवर बँकंचं, पेन्शनीचं काय करता का?"

करते की. आमचं मालक सुभेदार हुतं, त्येंच्या मागं पेन्शन मला. दरसाल नोव्हेंबर आला की फोनम्होरं तोंड धरायचं, डोळं उघडायचं, मिटायचं, की सरकारला कळतंय म्हातारी अजून जित्ती हाय. लय सोयीचं काम, चूल सोडून उठाया बी लागत न्हाई.

"मंग अवघड हाय," शाहरुख म्हनला. "कुलूप तोडलं की त्ये पेन्शनीचं ॲप बरुब्बर वळखतंय आन चालत न्हाई. त्येला वाटतंय, फोन चोराच्या हातात ग्येला."

आता सांगा. कुलूप तोडलं तर नातू दिसनार, पर सरकारात मी मेले. न्हाई तोडलं तर मी जित्ती, पर नातू दिसनार न्हाई. असा पेच कुनाच्या आज्जीला पडला असंल का? माझं तोंड बघून शाहरुखला बी दया आली. म्हनला, "कुलूप तोडल्यालं लपवता येतंय आजी. पर सारखं बघाया लागतंय, ॲपला कवा कळंल न्येम न्हाई."

म्हंजी सरकारपासनं लपून जित्तं ऱ्हायचं? चोरून श्वास घ्यायचा? थांब म्हनलं, मला इच्यार करू दे.

घरी आले तर संयोगिता म्हनती, "आत्या, बँकंत जाऊन बी दाखला देता येतोय की." येतोय, मला ठावं हाय. पर बँक हाय वर माडीवर, आन माझं गुडघं हायत खाली. जिना असा उभा, की आठ पायऱ्या चढल्यावर मानूस खरंच जित्तं हाय का त्येचा इच्यार त्येला स्वतालाच पडावा.

मंग आलं आमचं धाकलं दीर, लालासाहेब भावजी. हवालदार म्हनून रिटायर झाल्यात, पर अजून च्या पिताना बी सावधानमदी बसत्यात. त्यास्नी समदं सांगितलं. त्येंनी मिशी पुसली.

"वैनी, इश्यू झाल्याली रायफल खोलून जवानानं तिच्यात दुसराच घोडा बशिवला, तर काय हुतंय?"

"काय हुतंय?"

"कोर्ट मार्शल."

म्हनलं, भावजी, ह्या रायफलीवर मी नातवाला पापड कसं झाल्यात त्ये दावते, हिचं कसलं कोर्ट? तर म्हनत्यात, "शिस्त म्हंजी शिस्त." आता ह्येंची शिस्त ऐका. ह्येंचा सवताचा फोन दोन वर्सं झाली कुलपात हाय, नंबर इसरल्यात. कुनाचा फोन आला तर उचलता येतोय, आपनहून कुनाला लावता येत न्हाई. हुकूम आला की बोलायचं, न्हाईतर गप. म्हनलं, तुमच्यासारखा शिस्तीतला फोन मला नगं, पर थांबा, इच्यार करू द्या.

शेवटचा ऐतवार आला. जयराज दिसला. त्या दिशी निम्मा न्हाई, चारातलं तीन हिस्सं दिसला. त्येला समदं सांगितलं, कुलूप, वीट, पेन्शन, कोर्ट मार्शल. त्यो हसंल असं वाटलं हुतं. हसला न्हाई. म्हनला, "आज्जे, तुला काय करायचं त्ये कर. पर म्होरल्या ऐतवारी दिस. हितं बघाया बर्फाबिगर काय न्हाई गं." आन फोन अडकला. त्येचं तोंड तसंच उघडं, डोळं माझ्याकडं, हलंना बी आन जाईना बी. मी बी तशीच बसले, काचंवरनं अंगठा फिरवत... मंग काच काळी झाली.

आता आनी काय इच्यार करायचा? म्हनलं, मेले तर मेले. बसत बसत चढीन त्यो जिना आन बँकंत जाऊन जित्ती हुईन. उदयसिंहाला म्हनलं, काढ गाडी, कुलूप तोडायचं.

शाहरुखनं लाईट जायाची न्हाई असा वार धरला. मधीच लाईट ग्येली तर वीट हुती म्हनं. आदी त्येनं फोनातलं समदं फोटो लॅपटॉपात काढून घेतलं, मंग सिम भाईर काढलं, त्येचा बारका खण काढून बाजूला ठिवला, आन म्हनला, "चला आजी, बिस्मिल्ला करू."

म्हनलं, थांब. तू तुझं कर, पर मी माझं करते.

कारन आमच्यात असं हाय, ट्रॅक्टर आनला नारळ, बोअर मारली नारळ, इंजान खोललं तरी नारळ. ह्यो तर फोनचा दुसरा जलम. मी पिशवीतनं हळदी-कुकू काढलं, फोनला बोट लावलं, नारळ ओवाळला, आन दुकानाच्या पायरीवर हानला. शाहरुख बिचारा हात जोडून हुबा. आता नारळ फोडल्यावर त्येचं पाणी वाहनावर शिपडत्यात का न्हाई? चाकावर, इंजानावर? म्या करवंटी फोनवर कलती क्येली, चारच थेंब सोडायचं हुतं. पर नारळ निघाला पान्याचा. तुमाला सांगते, वर्सानुवर्सं नारळ घेते, कवा धड वाटीभर पाणी निघत न्हाई, आन त्या दिशी समदी घागर. आन सिमच्या खणाचं भोक उघडंच.

फोन एकदा थरथरला. मंग त्येच्या कानातनं, तोंडातनं, चार्जिंगच्या भोकातनं खोबऱ्याचा वास आला.

शाहरुख म्हनला, "आजी, म्या अजून हात बी लावला नव्हता."

म्हनलं, व्हय बाबा, तुझं काय न्हाई त्यात.

तीन दिस तांदळाच्या डब्यात ठिवला. हळद झाली, कुकू झालं, नारळ झाला, तांदूळ झालं, फकस्त फोनच तेवढा उठला न्हाई. जयराजला कसं सांगायचं ह्येचा मला घोर, तर भावजींनी त्येचा फोन आल्यावर उचलून सांगून टाकलं, "तुझा फोन शहीद झाला." पोरगं हसलं म्हनं, लय दिसांनी.

उदयसिंहानं नवीन फोन आनला. कंपनीच्या कुलपासकट. म्या कुलपाचं नाव काढलं न्हाई, कुनी काढू बी दिलं न्हाई. ऐतवारी जयराज दिसला, टोपीपासनं गुंडीपातुर आख्खा, मागचा बर्फ बी निराळा दिसतोय. म्या पापड दावलं, त्येनं मोजलं. समदं ब्येस झालं.

आन आला नोव्हेंबर. नवीन फोनम्होरं तोंड धरलं, डोळं उघडलं, मिटलं. ॲप म्हनलं, चेहरा जुळत न्हाई. पुन्यांदा धरलं, पदर सारखा क्येला, उजेडात बसले. न्हाई जुळत. आधार कार्डावर माझा फोटो बारा वर्सांमागचा, तवा म्होरचं दात हुतं, आन मालक बी हुतं. जुना फोन मला चालवून घेत हुता बगा. ह्यो नवा लय बारीक बघतोय.

ग्येले मंग बँकंत. एकेक पायरी बसत बसत. वर साहेबानं माझ्याकडं बघितलं, कागदाकडं बघितलं, सही ठोकली. पानी बी इच्यारलं.

येताना शाहरुखच्या दुकानात टेकले. म्हनलं, एवढं फोनात नवीन टाकतोस, माझ्या तोंडावर काय टाकता यील का, म्हंजी ॲपला जुळंल?

त्येनं भिंग डोळ्याला लावलं, माझं तोंड ह्या अंगानं बघितलं, त्या अंगानं बघितलं, आन म्हनला,

"आजी, तुमच्या मॉडेलला आता सपोर्ट न्हाई."