अकरा फाटकं

टायर बदलून मिळेपर्यंत मी बाळाला मांडीवर घेऊन ऑस्ट्रेलियातल्या चार्लव्हिलच्या गॅरेजात बसले होते. समोर मिस्त्रीण टेगन म्हाताऱ्या क्लॅरीच्या ट्रकवर वाकली होती.

“इंजिन उभ्या गाडीत एवढं का पळतंय म्हणून दोन तास त्यात हवेची गळती शोधतेय, क्लॅरी. गळती नाहीच. रेसचा स्क्रू कुणीतरी तीन फेरे आवळलाय.”

“मीच.”

“आणि गप्प बसलास? शाबास!”

“फाटकापाशी थांबलो की एसीच्या भारानं इंजिन बंद पडायचं, पोरी. बेचाळीस डिग्रीत डोरीन आत घुसमटायची.”

“फाटक उघडायला तुझी बायको उतरायची ना? शेजारी बसेल त्यानं उतरायचं.”

“आजारपणात कुठली उतरते! घरापासून दवाखान्याच्या रस्त्यापर्यंत गुरांच्या कुरणांची अकरा फाटकं. मीच उतरायचो.”

“आता कशी आहे?”

“फेब्रुवारीत गेली.”

“अरे... मला कुणी बोललंच नाही.”

“मंगळवारी फाटक उघडत होतो. ट्रक आपोआप पुढं आला, मला फाटकावर दाबलं. दोन बरगड्या गेल्या.”

“एवढ्या रेसवर ऑटोमॅटिक गाडी पुढं येणारच. स्क्रू सोडते. पण उतरताना गिअर काढायचा असतो, क्लॅरी.”

“तो डोरीन काढायची. बसल्या जागेवरून.”