चुलीवर टांगलेली गितार

माझं माहेर हर्णैचं. बाप होडीवर, आई सुकी मासळी विकायची, आमी पोरी बोंबील वाळत घालून कावळे हाकायचो. शाळा म्हणाल तर ती भावांना, मला अक्षर नंतर आलं, वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून आलं, पण ते असू दे. लग्न होऊन दाभोळला आले तेव्हा घरात आमी दोघीच, मी नि सासू. तिला मी आत्याबाय म्हणायची. सासरा कधीच दर्यात बुडून गेलेला, नि आमचे हे आगबोटीवर खलाशी. दोन-दोन वर्षांनी यायचे, महिनाभर राहायचे, की परत मुंबईची वाट. आमच्या आळीत सगळ्यांच्याच घरी असं, त्यात नवल काय सांगू तुमाला.

एका खेपेला हे गितार घेऊन आले. बोटीवर गोव्याचा एक गडी व्हता, त्यानं दिली नि वाजवायला पण शिकवली. आमच्याकडं असलं वाद्य कोणी बघितलेलं नाय. शेजारची म्हातारी म्हणाली, काय गो, तुझ्या घोवानं मुंबयसून सवत आणली काय, कंबर तर बघ तिची. हसलो आमी. पण खरं सांगू, ती सवत आली नि हे संध्याकाळचे घरात बसायला लागले. नायतर सुट्टीला आले तरी बंदरावरच, दुसऱ्या खलाश्यांत. आता पडवीत बसून वाजवायचे, आत्याबाय तांदूळ निवडत ऐकायची, मी भाकरी थापताना ऐकायची. जाताना गितार घरी ठेवून गेले तर आत्याबाय म्हणाली, बघ, वस्तू ठेवून गेलाय म्हणजे जीव हितं ठेवून गेलाय.

मिठाचा सत्याग्रह झाला त्याच्या आदल्या पावसाची गोष्ट. आमच्याकडं पावसात काय पण ठेवा, बुरशी धरते. म्हणून बियाणं, सुकी मासळी, कोकमं, सगळं चुलीच्या वर टांगायचं, ऊब नि धूर लागतो, टिकतं. आत्याबायनं काय केलं, लेकाची वस्तू ओलीला लागायला नको म्हणून गितार पण फडक्यात गुंडाळून चुलीवर टांगली. मला पण बरोबरच वाटलं, बियाण्याला चालतं ते लाकडाला का नाय चालणार.

नारळी पुनव झाली, बंदरावरच्या एकानं निरोप आणला, हे दिवाळीला येतायत. आत्याबायनं गितार खाली काढली, पुसली, तारेला बोट लावलं, नि आत काहीतरी भणभणलं, बाटलीत गांधीलमाशी कोंडावी तसं. ती खालीच बसली. म्हणाली, पोराची चीज मी नासवली, आता तो घरात कशाला बसेल, बंदरावरूनच परस्पर निघून जाईल. त्या दिवशी ती जेवली पण नाय.

मला त्यातलं काय कळणार, पण गडीमाणूस नसलेल्या घरात बाईला सवय असते बघा, कसला आवाज झाला ते हुडकायची, उंदीर की कौल की वारा. तसंच केलं. आधी वाटलं फळीवरचं पितळेचं झाकण थरथरतंय, म्हणून गितार अंगणात नेऊन वाजवली, तर आवाज संगती आलाच. मंग एकेक तार वाजवली. एकच कुरकुरली असती तर तिचा दोष म्हटलं असतं, पण सगळ्याच कुरकुरत व्हत्या, जाड्या जास्त. तारा पिळायच्या खुंट्या एकेक घट्ट धरून बघितल्या, तरी तेच. मंग आत्याबायला म्हटलं, तुमी तार छेडा, मी गितारीच्या पोटावर दाबत जाते, पोराचं पोट दुखलं की बघतो ना आपण, हितं दुखतं की हितं, तसं. मधल्या गोल भोकाच्या खाली जरा डावीकडं दाबलं नि आवाज गप्प. हात उचलला की परत. भोकातून डोकावून बघितलं, तर आतली आधाराची पट्टी सुटली व्हती, चुलीच्या उबेनं सरस सुकून उडाला व्हता.

होड्या बांधणाऱ्या सुताराकडनं सरस मागून आणला. तो म्हणाला मी येऊन बघू काय, मी म्हटलं नको, त्याच्या तोंडून अख्ख्या बंदराला कळलं असतं. तारा सैल केल्या, भोकातून हात घातला, तर बांगड्या अडकल्या. मनगटभर काच, नि घोव दर्यावर. आमच्यात घोव दर्यावर असताना बाईनं बांगडी उतरवायची नाय, फुटली तर दुसरी भरल्याशिवाय पाण्याला जायचं नाय. मी बसले तशीच, बोटं आत, मनगट बाहेर. आत्याबाय बघत व्हती. मंग तिनं पदर खोचला.

सर गो पोरी, म्हणाली, माझा हात मोकळा हाय. ह्याला कोण विचारतंय.

मला तिच्याकडं बघवलं नाय. लग्नकार्यात तो हात कुणी पुढं येऊ देत नसे, हळदीला नाय, ओटीला नाय. हितं मात्र सरळ आत गेला. मी बाहेरून दाबून सांगत गेले, जरा वर, जरा अल्याड, तिनं चाचपून पट्टी बसवली, सरस लावला, आतून बांबूच्या कामटीचा टेकू दिला. सुकेपर्यंत आमी दोघी त्या खोलीत पाय न वाजवता चालायचो, बाळंतिणीच्या खोलीत चालतात तसं.

दिवाळीला हे आले. पाय धुतले नि गितार मागितली. मी पिठाचे हात घेऊन उभी, आत्याबाय दारापाठी. ह्यांनी तारा पिळल्या, वाजवली. स्वच्छ. म्हणाले, पावसात पण बरी राहिली गो. आत्याबाय म्हणाली, राहील नायतर काय, आमच्या घरात काय हाल व्हतात तिचे. बस, एवढंच. काम बरोबर जमलं, म्हणून ज्याच्यासाठी केलं त्याला काय कळलंच नाय.

त्या खेपेला हे महिन्याच्या वर राहिले. पुढच्या खेपेला जाताना गितार सोबत घेतली, बोटीवर वेळ जात नाय म्हणाले. मंग आलेच नाय. बोट बुडाली म्हणावं तर बोट मुंबईला लागली. तिकडं लांब कुठल्या बंदरात उतरले नि परत चढले नाय, एवढंच बाकीच्या खलाश्यांनी सांगितलं. घर केलंन असेल तिकडं. असू दे, कुठं पण असो, सुखी असो.

आत्याबाय गेली ती माझ्या मांडीवर. शेवटी शेवटी शुद्ध नव्हती, एकदा डोळे उघडले नि म्हणाली, तो आला तर सांगू नको हां, मी चुलीवर टांगली व्हती ते. नाय सांगत म्हटलं. किती वर्षं झाली व्हती तेव्हा त्यांना जाऊन, पण नाय सांगत म्हटलं.

आता ह्या घरात बोलायला कोण नाय, मांजर येतं ते पण शेजारचं. तुमी आलात, बसलात, म्हातारीचं ऐकलंत, देव तुमचं घर भरलेलं ठेवो. बोलता बोलता मी सगळं सांगून बसले. पण बाय, कधी हे दारात उभे दिसले, तर तुमी पण काय बोलू नका.