बरे झाल्यावर हसा

हसू नका, पण माझं तोंड वाकडं झालं होतं ना, तेव्हाची गोष्ट. आई म्हणाली, "वारं लागलंय, अंगारा लाव." तो लावून मी कंपनीची कॅब घेऊन मारुंजीला रोजच्या पिकअपला गेलो. तिथून ऑफिसला सोडायच्या मॅडम मेडिकल कोडिंगवाल्या, म्हणजे विम्यासाठी पेशंटच्या आजारांना कोड नंबर देणाऱ्या; त्यांच्याशी मी कधी धड बोललो नव्हतो. त्या दिवशी त्याच म्हणाल्या, "दादा, भुवया उचला बघू."

एकच उचलली.

"हातपाय बधिर वाटतात?"

"न्हाई."

"मग बहुतेक चेहऱ्याची नस सुजली असेल. पण आम्ही ज्यांचे कोड टाकतो, त्यांत अर्धांगाचे पेशंटही असतात. ऑफिस राहू दे, आधी दवाखाना."

डॉक्टर म्हणाले, नसच आहे. सोबत आलेल्या मॅडम हसल्या. मी हसायला गेलो, तर निम्मंच तोंड हललं.

"बरे झाल्यावर हसा, दादा."

आता तोंड सरळ झालंय, पण मॅडम आता घरूनच काम करतात. त्यांच्या गेटपाशी मी अजून गाडी हळू करतो.