माझ्या हातचं तिखट

— आन् माझं रगत कावून नको? बसा की ताई, बीडच्या दवाखान्यातून आलात, चहा टाकलाय. माझ्या लेकीचं, तेजश्रीचं घेतलंत, सासूबाईंचं घेतलंत, आता शेजारी जाऊन पंडितभाऊजींचं घेणार — मग माझं काय पानी हाय का? — हां, कळलं. मी परक्या घरची. बरं, आमच्या धाकट्या जावंचं, मनिषाचं? — तिचं बी न्हाई? लई बरं झालं. तेवढ्यात तरी आमी दोघी सारख्या.

न्हाई, परत एकदा सांगा, जरा मोठ्यानं सांगा, भिंतीपलीकडं सासूबाई बसल्यात. पोटातला तो जंतू गावात कितीकांच्या पोटात असतो — बरं. पर एखाद्याचं अंग त्याच्यावर असं चवताळून उठतं, की जंतू ऱ्हातो बाजूला आन् आतलं कातडंच वरसानुवरसं जळत ऱ्हातं, तितंच पुढं कॅन्सर धरतो — आन् ही चवताळायची खोड आई-बापाच्या रगतातून येती. आई-बापाच्या! माझ्या ठेच्यातून न्हाई! — व्हय, ऐकलं की, खारट, तंबाखू त्यात भर घालतंय, तंबाखू आमचे मालक खायचेच. — धोका वाढतो म्हणा, हुतंच असं न्हाई म्हणा, लई जपून बोलता बाई तुमी. — म्हंजी तेजश्रीच्या बी रगतात? — असेल-नसेल, जंतू निघाला तर आधी गोळ्या देणार. बरं. द्या बाई, द्या.

आमचे मालक पोटाच्या कॅन्सरनं गेले, आन् माती झाली त्याच दिवशी सासूबाई चारचौघींत म्हणल्या, हिच्या हातच्या तिखटानं खाल्लं माझ्या लेकाला. पुढं वर्षश्राद्धाचा सैपाक कुणी केला? मनिषानं! माझ्या नवऱ्याचं वर्षश्राद्ध, आन् मला चुलीपाशी फिरकू दिलं न्हाई. पाव्हणे बोटं चाटत गेले, मनिषाच्या हाताला काय चव हाय म्हणत. अवो, दोघं भाऊ एकाच फडात ऊस तोडायचे, एकाच टाकीचं पानी प्यायचे, मनिषा यायच्या आधी दोघांना भाकरी मीच थापलेली — माझ्या हातचं तर दोघांनी खाल्लं! मग एक गेला आन् एक मिशीला पीळ देत हिंडतोय, ते कसं? सकाळी ती कुकू लावून दारात सडा टाकती, मला बघवत न्हाई. खोटं कावून बोलू? जळतं माझं.

हिंडतोय म्हणजे — आता तेवढा हिंडत न्हाई म्हणा. — काही न्हाई हो. अर्धी भाकर ताटात ठेवून उठतो, इतकंच. आमच्या मालकांचं असंच सुरू झालतं, आधी अर्धी भाकर, मग करपट ढेकर, मग पट्ट्याला नवं भोक. परवा भाऊजी ओट्यावर बसून खिळ्यानं भोक पाडत होते, मी हितूनच बघितलं. मनिषाला कशाचं कळतंय, ती म्हणती, कसे बारीक झालेत, हिरोवानी दिसत्यात! मला कळतंय. दिवाळीपासून कळतंय. रातच्याला भिंतीला कान लावते मी, ढेकर आली का बघते. म्हणलं, हू दे. तिच्या हातचं खाऊन बी हू दे एकदा, मग बघू सासूबाई कुणाला बोल लावत्यात —

अवो, चहा! उठलात कावून? — मी काय केलं? या घरात माझं ऐकतंय कोण, सांगून तरी — असं नका बघू माझ्याकडं. व्हय. गप बसले. दिवाळीपासून गप बसले. ताई, वेळ गेला का हो भाऊजींचा? — तपासल्याबिगर सांगता येत न्हाई. बरं.

मग जा, आधी तिकडं जा. मनिषाला म्हणा, नवऱ्याला आजच बीडला ने, पोटात दुर्बीण घालून बघून घे म्हणावं. माझं नाव सांगू नका. — न्हाई, थांबा. सांगा. सुभद्रानं वळखलं म्हणा, सगळ्यांच्या आधी. आन् सासूबाईंना म्हणा — न्हाई, त्यांना काही म्हणू नका. जा तुमी. दार लोटू नका, तिकडं काय बोलत्यात ते ऐकू येत न्हाई मग.