सुई फळ्यावरची

रक्ततपासणीच्या रांगेत माझ्यापुढे एक आजी होत्या. सुई घेऊन उभ्या राहिलेल्या मुलीला त्यांनी विचारलं,
“सुई धरून नुसती उभी का गं?”
“पहिल्यांदाच टोचतेय, आजी. कॉलेजात सुई फळ्यावर काढून दाखवली होती.”
“कॉलेजच्या तपासणीला कुणी आलंच नाही?”
“साहेब आले होते ना. त्या दिवशी सगळं सामान दुसऱ्या कॉलेजातून टेम्पोने आणलं.”
“साहेबांना कळलं नाही?”
“तेही त्याच टेम्पोतून आले.”
“अगं बाई! ऐक, मी चाळीस वर्षं नर्स होते. आधी बोटाने शीर चाचप. लागली?”
“लागली.”
“आता टोच. चुकलीस तर ओरडायला मी आहेच.”
“आलं! आजी, रक्त आलं!”
“शाबास. आता दंडावरचा पट्टा सोड, हात निळा पडला माझा.”
मग आजी माझ्याकडे वळल्या. “या, बसा. हिला सरावाला अजून हात हवेत.”